दुरुस्तीला कोनशिला नसते

भिलाईतल्या आमच्या घराच्या स्वयंपाकघरात दोन वर्षांपूर्वी मी नव्या फरशा बसवून घेतल्या. वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून १९८६ साली बांधलेले ते घर. आई अजून तिथेच राहते. ओटा नवा झाला, भिंतींना रंग लागला, शेजारी पाहून गेले. पहिल्याच पावसाळ्यात छताला ओल आली आणि श्रावणातल्या एका पहाटे परातीएवढा गिलाव्याचा पोपडा त्या नव्या ओट्यावर कोसळला. आई तेव्हा देवघरात होती म्हणून निभावले. बोलावलेल्या मिस्त्रीने शिडीवर चढून हातोडीने छत ठिकठिकाणी ठोकून पाहिले. आवाज भरीव आला की तो पुढे सरकायचा, पोकळ आला की खडूने खूण करायचा. खाली उतरल्यावर त्याने एवढेच विचारले, की वरच्या न्हाणीघराची गळती न काढता खाली फरशा घालायला कुणी सांगितले. सांगणारा मीच होतो. शासकीय इमारतींच्या अंदाजपत्रकांवर तीस वर्षांहून अधिक काळ सह्या केलेल्या माणसाने आपल्या आईच्या घरात आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा कारभार करून ठेवला होता.

सळया गंजलेल्या होत्या. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. तो फुगला की काँक्रीटला आतून फोडतो. पडलेला पोपडा हे केवळ लक्षण होते, दुखणे कित्येक पावसाळे आत मुरत होते. सहा लाखांत व्हायचे काम साडेनऊ लाखांवर गेले आणि वाढलेल्या खर्चाचा मोठा वाटा नुकतेच केलेले तोडण्याचा होता.

घरगुती कहाणी सांगण्यासाठी हा स्तंभ नाही. परंतु दिसेल ते आधी आणि मुरलेले नंतर, हा जो क्रम माझ्याकडून घरात चुकला, तोच क्रम मी नोकरीत सर्वत्र पाहिला आणि देशाच्या सार्वजनिक बांधकामांतही तोच दिसतो. त्याचा विचार करायला भिलाईसारखे दुसरे गाव नाही.

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा भारत-सोविएत करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. दुर्ग जिल्हा तेव्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती आणि मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल होते. मराठी वाचकाला हे सहसा आठवत नाही. सोविएत कर्ज अडीच टक्के व्याजाने, बारा वार्षिक हप्त्यांत फेडायचे होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. आदल्याच दिवशी त्यांनी राउरकेल्याच्या भट्टीचे उद्घाटन केले होते. धानाची शेते आणि खेडी होती तिथे करारापासून चार वर्षांत लोखंडाचा रस वाहू लागला. माझे वडील भंडारा जिल्ह्यातून इथे आले ते याच सुमारास.

राउरकेला, भिलाई आणि दुर्गापूर हे तीन कारखाने जवळजवळ एकाच वेळी उभे राहिले. त्यांतला भिलाईचाच पूर्ण क्षमतेपर्यंत सर्वांत सुरळीत पोहोचला. त्याची कारणे शोधताना विचारसरणीचे वाद पुष्कळ झाले. मला त्यातले व्यवस्थापनाचे कारण महत्त्वाचे वाटते. भिलाईचा प्रकल्प-अहवाल गिप्रोमेझ या सोविएत संस्थेचा, यंत्रसामग्री तिकडचीच आणि उभारणीवर देखरेख करणारे अभियंतेही त्याच व्यवस्थेचे. काही अडले तर कुणाला विचारायचे हे ठाऊक होते. राउरकेल्यात तीसहून अधिक मोठ्या जर्मन कंपन्या स्वतंत्रपणे काम करीत होत्या आणि त्यांची सांगड घालण्याचा भार अननुभवी भारतीय बाजूवर होता. प्रत्येक कंपनीचे काम उत्तम होते. दोन कामांमधली फट मात्र कुणाचीच नव्हती. साठ वर्षांनी भिलाईचा विस्तार सत्तर लाख टनांच्या दिशेने झाला, तेव्हा तीच फट भिलाईत आली. कामे अनेक पॅकेजेसमध्ये वाटली गेली आणि एकाचे उशिरा झाले की दुसऱ्याचे खोळंबले. ‘महामाया’ ही आठवी झोतभट्टी २०१८ च्या आरंभी पेटली आणि १४ जून २०१८ रोजी पंतप्रधानांनी हा विस्तार राष्ट्राला अर्पण केला, तो मूळ वेळापत्रकाच्या काही वर्षे मागे. घराच्या दुरुस्तीतही नळवाला गवंड्याकडे बोट दाखवतो आणि गवंडी विजेच्या कारागिराकडे. त्या तिघांच्या मध्ये उभे राहणारे माणूस घरमालकाने नेमले नाही, तर ते काम त्याच्याच गळ्यात पडते.

पण उभारणी हा या गोष्टीचा सोपा भाग. कारखान्याशेजारी वसवलेल्या नगरातील सेक्टरांची घरे आता साठीच्या आसपास आहेत, काही तिच्या पलीकडे. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, मैदाने, शाळा आणि सेक्टर ९ चे मोठे रुग्णालय पाहून बाहेरचा माणूस आजही थबकतो. एके काळी साठ हजारांच्या आसपास असलेली कायम कर्मचाऱ्यांची संख्या आता वीस हजारांच्याही खाली आली आहे. घरे मात्र तेवढीच आहेत. ज्या मनुष्यबळासाठी आणि ज्या मनुष्यबळाच्या आधाराने हे नगर उभे राहिले, ते उरले नाही. या शतकाच्या आरंभी ‘सेल’ने आपल्या नगरांतली काही घरे कर्मचाऱ्यांना व निवृत्तांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली, पट्ट्यांच्या नोंदणीचा प्रश्न भिलाईत जवळपास दोन दशके लोंबकळत राहिला. ज्याच्या नावावर कागद नीट नाही तो माणूस गच्चीवर पैसे घालत नाही; तो आत फरशा घालतो. माझ्या नावावर तर कागद होता, तरी मी फरशाच घातल्या.

माझ्या लहानपणी सेक्टरमधल्या क्वार्टरचा नळ गळू लागला, की देखभाल कार्यालयातल्या वहीत तक्रार लिहायची, क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि एक-दोन दिवसांत सायकलला पिशवी अडकवून कारागीर यायचा. त्याला कोणत्या घराचा कोणता पाइप कुठून जातो हे पाठ असे. त्या व्यवस्थेचे रम्य चित्र रंगवण्याचा हेतू नाही. तिची किंमत कारखाना मोजत होता आणि कारखान्याबाहेरच्या खेड्यांना, जमीन गेलेल्यांना त्यातले फारसे मिळाले नाही. परंतु एका गोष्टीचे मोल आता कळते. इमारतीची स्मृती त्या माणसाच्या डोक्यात होती. तो निवृत्त झाला, पद रद्द झाले, काम कंत्राटाने देऊ लागलो. ती स्मृती कुठल्याच फायलीत उतरली नाही.

याला केवळ एखादे कार्यालय जबाबदार नाही. आपली अर्थसंकल्पाची रचनाच दुरुस्तीच्या विरोधात झुकलेली आहे. नवी इमारत हा भांडवली खर्च, तिची देखभाल हा महसुली खर्च. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने महसुली तूट शून्यावर आणण्याचे लक्ष्य ठेवले. २०१८ च्या दुरुस्तीत ते गळाले, परंतु मधल्या वर्षांत महसुली खर्चाला कात्री लावण्याची सवय हाडीमाशी खिळली. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांना कात्री लागत नाही. राहते काय, तर गच्चीचे डांबर आणि गटाराची झाकणे. अलीकडे केंद्र राज्यांना भांडवली कामांसाठी पन्नास वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज देते. योजना चांगली आहे, पण दुरुस्ती-देखभालीची कामे तिच्यात बसत नाहीत. हिशेबनिसाच्या दृष्टीने यात गैर काही नाही. मात्र राज्याच्या वित्त सचिवाला यातून जो संकेत मिळतो तो स्पष्ट आहे: जुने वसतिगृह पडू द्या, नव्यासाठी पैसे मिळतील.

दीडशे कोटी रुपये आणि त्याहून मोठ्या केंद्रीय प्रकल्पांच्या उशिराचा व वाढीव खर्चाचा हिशेब सांख्यिकी मंत्रालय नियमितपणे मांडते आणि त्यावर अग्रलेख लिहिले जातात. न केलेल्या दुरुस्तीची थकबाकी किती, हा आकडा मात्र कुठल्याही अर्थसंकल्पी भाषणात येत नाही. ते कर्जच आहे. फक्त त्याचा सावकार पाऊस आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे गिरनारच्या पायथ्याचा शिलालेख आठवतो. इ. स. १५० च्या सुमाराचा रुद्रदामनाचा हा लेख संस्कृतातल्या सर्वांत जुन्या प्रदीर्घ प्रशस्तींपैकी एक म्हणून अभ्यासला जातो, परंतु त्याचा विषय आहे एका फुटलेल्या बांधाची दुरुस्ती. सुदर्शन तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या काळात पुष्यगुप्ताने बांधला, अशोकाच्या काळात तुषास्फाने त्याला कालवे जोडले, आणि पुढे वादळी पावसात बांध वाहून गेला. भगदाड एवढे मोठे, की राजाच्या मंत्र्यांनीच काम अशक्य म्हणून विरोध केला. रुद्रदामनाने प्रजेवर जादा कर वा वेठबिगार न लादता स्वतःच्या कोशातून खर्च केला आणि सुविशाख या अधिकाऱ्याने ते तडीस नेले. त्या लेखात मूळ बांधणाऱ्यांची नावे आहेत, दुरुस्ती करणाऱ्याचे आहे आणि विरोध करणाऱ्या सचिवांचीही नोंद आहे. माझ्या दृष्टीने ही आपल्याकडची पहिली आदर्श प्रकल्प-फाइल. तीनशे वर्षांनी स्कंदगुप्ताच्या काळात तोच बांध पुन्हा फुटला आणि पुन्हा दुरुस्त झाला; त्याचाही लेख त्याच शिळेवर आहे.

माझ्या सेवेच्या मध्यावर एका जिल्ह्यात एका जुन्या शासकीय वसतिगृहाच्या दुरुस्तीचे काम माझ्याकडे आले. इमारतीचे नकाशे कुणाकडेच नव्हते. अंदाजपत्रक बाहेरून पाहून केलेले. छताच्या आत काय आहे हे कुणी उघडून पाहिले नव्हते, कारण उघडून पाहण्यासाठी खर्चाचे शीर्षच नव्हते. सर्वांत कमी दराची निविदा अंदाजाच्या २७ टक्के खाली आली. एवढ्यात हे काम होणार नाही हे मला कळत होते, कंत्राटदाराला तर त्याहून अधिक कळत होते. तरी मी ती स्वीकारली. सर्वांत कमी दर का नाकारला, असा प्रश्न लेखापरीक्षणात येतो. तो का स्वीकारला, असा प्रश्न मला उभ्या नोकरीत कुणी विचारला नाही. छत उघडल्यावर तुळया वाळवीने खाल्लेल्या निघाल्या. अंदाजपत्रकात त्या नव्हत्याच. अतिरिक्त बाबींची यादी आली आणि निविदेत सोडलेला नफा त्या यादीत वसूल झाला. सुधारित प्रशासकीय मान्यतेला सात महिने लागले, मध्ये पावसाळा गेला, आणि मुले एका मंगल कार्यालयात पथाऱ्या टाकून राहिली. मार्च जवळ आला तेव्हा तुळया अर्ध्या बदललेल्या असताना बाहेरच्या भिंतींना रंग देण्यात आला. रंगाचे मोजमाप पुस्तकात पटकन चढते आणि निधी परत जात नाही. त्या मोजमाप पुस्तकाखालची प्रतिस्वाक्षरी माझी आहे.

वित्त मंत्रालयाच्या खर्च विभागाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रकल्प व्यवस्थापनाबाबत ज्या सूचना काढल्या, त्या वाचताना मला ते वसतिगृह आठवले. ठरावीक कामांत केवळ दरावर न जाता गुणवत्तेलाही तीस टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा तिथे आहे. चालू देयकाच्या किमान ७५ टक्के रक्कम दहा कामकाजी दिवसांत द्यावी आणि उरलेली तपासणीनंतर २८ कामकाजी दिवसांच्या आत, असेही म्हटले आहे. दुसरी तरतूद मला पहिलीहून मोलाची वाटते. देयक आठ महिने अडकणार हे ठाऊक असलेला प्रामाणिक कंत्राटदार दर वाढवतो किंवा निविदाच भरत नाही. उरतात ते, ज्यांना सिमेंट कमी घालून तग धरता येतो. परंतु दुरुस्तीच्या कामाला एवढेही पुरत नाही. नव्या इमारतीत काय करायचे ते नकाशा सांगतो. जुन्या इमारतीत ते तोडल्याशिवाय कळत नाही. म्हणून दुरुस्तीचे कंत्राट दोन टप्प्यांतच निघाले पाहिजे. आधी छोट्या रकमेत छत, सांधे, नळ उघडून पाहण्याचे आणि चाचण्यांचे काम, आणि त्याच्या निष्कर्षांवर बेतलेले मुख्य अंदाजपत्रक मग. मिस्त्रीने हातोडीने ठोकून पाहिले त्याचे हे सरकारी रूप. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्यानेच बंधनकारक आहे. औद्योगिक वसाहतींमधल्या सरकारी घरांना तसे बंधन का नसावे?

मुंबईने याचे दुसरे टोकही पाहिले आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, मालकांनी देखभाल सोडली, आणि १९६९ साली सरकारला उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. मंडळाच्या टेकूंनी अनेक चाळी उभ्या राहिल्या हे खरे. तरीही ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. ती पुनर्विकासात घेतलेली होती, काही कुटुंबे तिथून हललेलीही होती. बाकीची हलली नव्हती. माणसे कुठे जाणार, किती दिवसांसाठी आणि परत येतील याची हमी काय, याचे उत्तर न देता काढलेला कोणताही दुरुस्तीचा आदेश हा कागदच राहतो.

मुंबईकर वाचक म्हणेल, मग पुनर्विकास करा. दिल्लीत सात शासकीय वसाहतींचे तेच चालले आहे: जुनी घरे पाडायची, उंच बांधायची आणि काही जागा विकून खर्च भागवायचा. २०१८ मध्ये तिथली झाडे तोडण्याचा वाद उच्च न्यायालयात गेला, तो भाग वेगळा. खरी अडचण अशी, की हे गणित जमिनीच्या भावावर उभे आहे. वरळीतली जमीन स्वतःचा पुनर्विकास करते. भिलाईच्या सेक्टरमधली करीत नाही. बोकारो, राउरकेला, चंद्रपूरचे ऊर्जानगर, भुसावळची रेल्वे क्वार्टर्स, ओझरची विमान कारखान्याची वसाहत, यांतल्या कुठल्याही ठिकाणी विकासक रांग लावून उभा नाही. विसाव्या शतकातल्या सार्वजनिक उद्योगांनी बांधलेल्या या गावांना दुरुस्तीवाचून पर्याय नाही, आणि आपल्या धोरणाच्या पोतडीत पुनर्विकासाखेरीज काही नाही.

दुरुस्तीचे एक अंग मला सर्वाधिक अस्वस्थ करते. भिलाईत जून २०१४ मध्ये पंपगृहातल्या बिघाडानंतर विषारी वायू पसरून सहा जण मृत्युमुखी पडले. त्यात वरिष्ठ अधिकारीही होते. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक भट्ट्यांच्या वायुवाहिनीवर नियोजित देखभालीचे काम सुरू असताना आग लागली आणि दहाहून अधिक माणसे गेली. दोन्ही वेळी उत्पादन वाढवण्याची नव्हे, बिघडलेले वा बिघडू शकणारे सांभाळण्याची घटका होती. चालू व्यवस्थेत हात घालणे हे नव्या बांधकामापेक्षा धोक्याचे असते, आणि देशभर हे काम अधिकाधिक कंत्राटी हातांकडे गेले आहे. कायम आणि कंत्राटी कामगार यांच्यातली दरी हा मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांच्या भिलाईवरील २०२० मधल्या ग्रंथाचा गाभा आहे. शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी याच शहरात हत्या झाली, ती कंत्राटी कामगारांच्या लढ्याच्या ऐन भरात.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात दुरुस्ती आणि देखभाल यांचा समावेश आहे, परंतु स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम त्यातून वगळलेले होते. २०२० च्या संहितेत ही मर्यादा पन्नास लाखांवर गेली. माझे काम साडेनऊ लाखांचे. म्हणजे आईच्या स्वयंपाकघरात छत खरवडणारा मिस्त्री आणि डोक्यावर घमेले घेऊन राडारोडा खाली नेणाऱ्या दोघी रेजा, या जुन्या कायद्याच्याही बाहेर होत्या आणि नव्याच्याही आहेत. देशातली घरांची किती दुरुस्ती या मर्यादेखाली होते, याचा अंदाज वाचकाने आपल्या इमारतीवरून करावा. घरमालकांना कटकट नको, ही भूमिका मी समजू शकतो. मीही कटकटीला कंटाळलेला घरमालक होतो. पण मग त्या तिघांसाठी उपकराच्या निधीतून विमा काढण्याचा साधा मार्ग राज्यांनी ठेवायला हवा होता. हा निधी पडून राहतो, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये राज्यांना खडसावलेही आहे.

भिलाईला नव्या गोष्टी मिळत आहेत. आयआयटीच्या कायम संकुलाची कोनशिला १४ जून २०१८ च्याच समारंभात बसली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. तिथले विद्यार्थी धातुशास्त्राचे धडे गिरवतील तेव्हा काही किलोमीटरवर सेक्टरांतल्या हजारो छतांत सळया कोणत्या अवस्थेत आहेत, याची एक मोजणी त्यांच्याकडून करून घेता येईल. घरागणिक एक नोंदवही, तिच्यात नळाचे मार्ग, गच्चीवर शेवटचा कोबा कधी झाला, गळती कुठे निघाली, कुणी काढली. एवढ्याला मंत्रिमंडळाची मान्यता लागत नाही.

आमच्या घराची अशी वही मी सुरू केली आहे. न्हाणीघराचा पाइप भिंतीत कुठे वळतो हे आता तिच्यात रेखाटलेले आहे, मिस्त्रीने सांगितले तसे. यंदा मृगाचा पहिला पाऊस पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो न बोलावता आला. आईला दाई म्हणून हाक मारली, शिडी मागितली आणि तेच छत पुन्हा एकदा हातोडीने ठोकून पाहिले. कोपऱ्यात एका जागी आवाज थोडा वेगळा आला. तिथे त्याने खडूने खूण केली आहे; दिवाळीनंतर उघडून पाहू म्हणाला.